देवीची सासू

बांगड्या भरताना भाबी आधी तुमचा हात हातात घ्यायच्या, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघायच्या, मग चारही बोटं आवळून हाताची अशी काही घडी घालायच्या, की हा हात आपलाच आहे ना अशी शंका यावी. आणि म्हणायच्या, "हात मला द्या, कान गोष्टीला द्या. मधी तुमचं काय काम न्हाई."

तुम्ही कधी काचेच्या बांगड्या भरून घेतल्या असतील, म्हणजे दुकानातून आणून साबणाने चढवलेल्या नव्हे, कुणाच्या तरी हातून भरून घेतलेल्या, तर तुम्हाला ठाऊक असेल. बांगडी अंगठ्याच्या हाडावर येऊन अडते तो क्षण मोठा कठीण. तिथे हात आखडला की काच गेली. भाबी नेमक्या त्याच क्षणी गोष्टीतल्या राक्षसाला गुहेबाहेर काढायच्या. ऐकणारीचं तोंड उघडं पडायचं, हात सैल सुटायचा आणि बांगडी मनगटात. राक्षस पुन्हा गुहेत. पुढच्या बांगडीला पुन्हा बाहेर.

"त्या राक्षसाची मला लई कीव येती," त्या एकदा म्हणाल्या. "डझनाला बारा येळा भाईर येतो बिचारा."

मूळ शब्द भाभी. पण आमच्या वेल्ह्याच्या बाजूला तोंडात एका वेळी एकच 'भ' मावतो, म्हणून भाबी. राहायच्या भोरला. घरात बांगड्यांचा धंदा जुना; आधी सासरे पेटी घेऊन वाड्यावस्त्या फिरले, मग नवरा, आणि नवरा गेल्यावर पेटी यांनी उचलली. मी त्या काळात वेल्ह्याकडच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रात नर्स होते आणि भोरलाच खोली घेऊन राहत होते. सकाळची एसटी एकच. कापूरहोळला उतरायचं, उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि पुढची गाडी धरायची. लसीकरणाच्या दिवशी बायका पोरं घेऊन उपकेंद्रावर जमतात हे भाबींनी बरोबर हेरलं होतं. मी आत खोलीत, त्या बाहेर ओट्यावर.

"आपलं गिऱ्हाईक एकच, शिस्टर," त्या म्हणायच्या. "तुमी हाताला टोचता, म्या हाताला भरती."

फरक एवढाच, की माझ्याकडून पोरं भोकाड पसरत बाहेर जायची आणि त्यांच्यापाशी बसली की गप्प व्हायची.

प्रवासात त्या खिडकीशी बसत. गाडी चढाला लागून गड दिसायला लागला की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची आणि आवाज चढायचा. "ती बगा ती शिळा! तितं घोड्याचा खूर उमटलाय. माझ्या सासऱ्यानं बोट घालून बगितलंय!" शेजारचा माणूस दूधवाला असो की तलाठी, तो खूर त्याला दाखवल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही असा त्यांचा आविर्भाव असे. देवाची गोष्ट आली की मात्र आवाज एकदम खाली. पदर डोक्यावर, बांगड्यांच्या पेटीचं झाकण बंद. आणि राजा-राणीची गोष्ट सांगताना त्या पहिल्या वाक्यापासून हसत असत.

मला याची गंमत वाटायची. एकदा मी विचारलंच, "भाबी, यातली खरी कोणती?"

"कंची खरी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेत गेले होते की नाही याचाच त्यांना संशय यावा. "देवाची गोष्ट खरी का खोटी, असं इचारायचं नसतं. ती नुसती ऐकायची. गडाची इचारायची, म्हणून तर खूर दावावा लागतो. आन् राणीची गोष्ट समदी खोटी. सांगणारीला ठावं, ऐकणारीला ठावं. दोघी मिळून खोटं बोलायचं, त्याच्यासारखी मजा न्हाई."

पुढे एका शिबिरात कुणा विद्वान गृहस्थांनी पुराणकथा, दंतकथा आणि लोककथा यांतला फरक फळ्यावर तीन रकाने आखून समजावला. छान समजावला. पण मला सारखी आठवण येत होती ती पेटीचं झाकण बंद होण्याच्या आवाजाची.

आता तुम्ही म्हणाल, भोरची मुसलमान बाई, हिला आमच्या व्रतांच्या कहाण्या कुठून ठाऊक? हा प्रश्न गावातही एकीने केला होता. श्रावणातला दिवस. भाबी कहाणी सांगत होत्या आणि ती म्हणाली, "भाबी, देव आमचा आन् कहाणी तुमी सांगता व्हय?"

"देव तुमचाच हाय की," भाबी म्हणाल्या. "म्या कुठं नेला? कहाणी तुमच्या सासूबाईंची हाय. त्यांच्या हातात बांगड्या भरताना त्यांनीच मला सांगितली. तुमाला न्हाई का सांगितली?"

सासूबाईंनी सुनेला सांगितली नव्हती. त्या दोघी बोलतच नव्हत्या. सगळा ओटा खाली मान घालून हसला आणि ती बाई स्वतःही हसली. भाबींचं हे असं होतं. एका घरात गोष्ट घ्यायची, दुसऱ्या घरात द्यायची. या वाडीची गोष्ट त्या वाडीला जाईपर्यंत तिला चार बांगड्या जास्त चढलेल्या असत.

त्यांना भीती म्हणाल तर एकाच गोष्टीची. सुईची. एकदा ओट्यावर काच तळहातात घुसली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देणं भाग पडलं. आख्ख्या तालुक्याचे हात सैल सोडायला लावणारी ही बाई माझ्या खोलीच्या दाराची चौकट धरून उभी राहिली आणि सोडेना.

"भाबी, दंड सैल सोडा."

"मग गोष्ट सांगा!" त्या ओरडल्या. "म्या फुकट सोडत न्हाई!"

मला गोष्ट येत नाही. खरंच येत नाही. मी सुई हातात धरून म्हणाले, "एक राजा होता." पुढे काही सुचेना. "त्याला... त्याला ताप आला."

"मग?"

"मग तो उपकेंद्रात गेला. तिथे त्याला गोळ्या दिल्या. तो बरा झाला."

भाबी जे हसायला लागल्या! चौकट सुटली, पदर सुटला, बाहेरच्या बायका आत डोकावून बघायला लागल्या. इंजेक्शन कधी दिलं ते त्यांना कळलंच नाही. पुढे कितीतरी दिवस त्या ओट्यावर प्रत्येकीला सांगायच्या, "आमच्या शिस्टरची गोष्ट ऐकली का? राजा बरा झाला! संपली!"

आता मुख्य हकिकत सांगते.

गावात हौसाबाई म्हणून एक बाई होत्या. उंच, काटक, शब्दाच्या पक्क्या. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळंतपण फार अवघड गेलं होतं. मूल दांडगं होतं, ते अडलं आणि लेक कशीबशी वाचली, मूल नाही वाचलं. तेव्हापासून हौसाबाईंच्या मनाने एकच धडा घेतला होता: पोटुशी बाईने कमी खायचं, म्हणजे मूल लहान राहतं आणि बाई सुटते. त्यांची सून पूजा गरोदर होती आणि हौसाबाई तिला मायेने, अगदी डोळ्यांत पाणी आणून, अर्धपोटी ठेवत होत्या.

पूजाचं रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन फारच खाली निघालं. मी घरी जाऊन सांगितलं, तक्ते दाखवले, रागावलेही. हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "शिस्टर, तुमी माझ्या लेकीच्या वक्ताला न्हवता."  मी दिलेल्या लोहाच्या तांबड्या गोळ्या पुढच्या खेपेला मला त्यांच्या उकिरड्यावर दिसल्या. एक कोंबडी त्या टोचत होती. कोंबडी मोठी तजेलदार होती.

सातव्या महिन्यात पूजाच्या ओटीचा कार्यक्रम ठरला आणि हिरवा चुडा भरायला भाबींना बोलावणं गेलं. मलाही होतं. हौसाबाईंनी घेतलेला धडा मी भाबींना वाटेत एसटीत सांगितला होता. दुपारची वेळ, माजघर बायकांनी भरलेलं, पूजा पाटावर. भाबींनी तिचा हात हातात घेतला. दाबायची गरजच पडली नाही. पेटीतली सगळ्यात लहान मापाची बांगडी त्यांनी लावली आणि ती अंगठ्यावर न अडता सरळ मनगटात गेली. पूजाने हात खाली केला तर तशीच सरळ बाहेर आली आणि जमिनीवरून गरगरत गेली.

बायकांत कुजबुज झाली. भाबींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. बांगडी उचलून पदराला पुसली. मग पेटीचं झाकण बंद केलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"तुमच्या डोंगरावरची देवी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती पोटुशी हुती तवाची गोष्ट."

बायका पुढे सरकून बसल्या.

"तिच्या सासूचा तिच्यावर लई जीव. सासू म्हनाली, पोर सुखानं सुटली पायजे, तर मूल बारीक पायजे. म्हणून तिनं देवीला पेजेवर ठिवली. देवी वाळली. एक दिस तिनं केस बांधाय हात वर केला, आन् हातातली बांगडी..."

"थांबा भाबी," हौसाबाई म्हणाल्या. "आमच्या देवीला सासू कवा हुती?"

 बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. खरंच, देवीला सासू कधी होती? एक म्हणाली, देवीचं लगीनच कुठं झालंय. दुसरी म्हणाली, झालंय, पण नवऱ्याकडे नांदत नाही. तिसरी म्हणाली, नवरा म्हणजे देवच ना, मग त्याला आई असणारच. पाटावर बसलेली पूजासुद्धा मान वर करून ऐकायला लागली.

भाबींनी सगळ्यांना बोलू दिलं. मग भाबडा चेहरा करून म्हणाल्या, "हौसाबाई, सासू नसती तर देवी घरदार सोडून येवड्या उंच डोंगरावर जाऊन बसली असती का?"

काय सांगू तुम्हाला! माजघर फुटलं. एकीच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक सांडलं. एक म्हातारी भिंतीला टेकून हसता हसता सरकत सरकत आडवी झाली. चुलीपाशी कुणीतरी हसण्याच्या भरात दोनदा मीठ घातलं, ते जेवताना कळलं. घराघरातल्या सासवा हसत होत्या आणि सुना तोंडावर पदर घेऊन त्याहून जास्त हसत होत्या. आणि हौसाबाई? त्यांनी ओठ घट्ट आवळून धरले, मग नाकातून एक फुर्रकन आवाज आला आणि त्याही हसत सुटल्या.

हसू ओसरल्यावर भाबींनी गोष्ट पुन्हा हळू आवाजात धरली. देवीच्या हातून सुटलेली बांगडी डोंगर उतरत गेली. जिथून गेली तिथलं भात पोचट झालं, म्हशी आटल्या. सासू मागे धावली. बांगडी नदीकाठी थांबली आणि बोलली, मला उचलून उपयोग नाही, आधी माझा हात भर, मग मी चढते. मग सासूने नाचणीची भाकरी केली, शेवग्याचा पाला केला, अंडं केलं, दूध ठेवलं. बांगडी उंबऱ्यात बसून बघत राहिली. आणि देवीचा हात भरला तशी आपल्या पायांनी चढून मनगटात जाऊन बसली.

"आन् ताटाच्या कडंला," भाबींनी माझ्याकडे न बघता जोड दिली, "रोज एक तांबडा मणी. त्यो बी देवीनं गिळला."

मग त्यांनी पेटी उघडली, पूजाच्या मनगटाला दोऱ्याने बांधून एक मोठ्या मापाची बांगडी ठेवली आणि हौसाबाईंना म्हणाल्या, "ही दोऱ्याबिगर हातात ऱ्हायली, की मला सांगावा धाडा. बाकीचा चुडा तवा भरीन."

परतीच्या एसटीत मी खूश होते.  भाबींनी मात्र कापूरहोळला चहासुद्धा अर्धा टाकला.

"शिस्टर," शेवटी त्या म्हणाल्या, "राणीची असती तर गोष्ट निराळी. म्या त्यांच्या देवीची सांगितली. पोरीचं काय कमीजास्त झालं, तर लोक काय म्हंतील? भाबीनं देवीचं नाव घिऊन खोटं सांगितलं. आन् लोकांचं सोडा. ती देवी काय म्हनंल?"

 या बाईला मी तोवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. सुईपुढचं ओरडणं निराळं. त्यांनी पूजासाठी आणि माझ्यासाठी काय पणाला लावलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, "भाबी, पोरीला मी बघते. रक्त मी वाढवते. तुम्ही देवीला बघा."

"बगते," त्या म्हणाल्या. आणि खरंच, पुढच्या खेपेपासून त्या गावात शिरण्याआधी डोंगराकडे तोंड करून दोन मिनिटं उभ्या राहायच्या. काय पुटपुटायच्या ते मी विचारलं नाही.

इकडे हौसाबाईंनी सुरू केलं ते एका दमात. भाकरी, पाला, अंडी, दूध. तांबडा मणी रोज स्वतःच्या हाताने पूजाच्या जिभेवर. मी मोठ्या रुग्णालयात तपासणीला नेलं तर हौसाबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "मशिनचं ऱ्हाऊ द्या, बांगडी बगा." महिना उलटला आणि एका सकाळी उपकेंद्राच्या दारात येऊन त्यांनी मला सांगितलं, "दोरा सोडला. बांगडी ऱ्हायली."

भाबी पुढच्याच गाडीने आल्या आणि चुडा भरला. या वेळी हात दाबावा लागला. राक्षसालाही बाहेर यावं लागलं.

पूजाला कळा सुरू झाल्या त्या सकाळीच. आम्ही तिला जीपने रुग्णालयात नेलं. हौसाबाई बाहेर बाकावर बसल्या, लेकीच्या वेळच्यासारख्याच बसल्या असतील, ताठ आणि कोरड्या डोळ्यांनी. दुपारी मुलगी झाली. चांगली रडली. पूजाही सुखरूप. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा हौसाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्यावर विश्वास बसायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि मग त्या आवाज न करता खूप रडल्या.

मग वॉर्डात पूजाच्या खाटेशी उभी राहून मी भाबींना मोबाईल लावला. "भाबी, मुलगी झाली. दोघी छान आहेत."

  पलीकडून एकदम, "आन् बांगड्या?"

"काढायला लावल्या आत नेताना. निघत नव्हत्या, भाबी! तेल लावून काढल्या. एक तर वाढवावीच लागली."

बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. फोनवर भाबींनी अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्या खाटेवरच्या बाईने उठून विचारलं, कुणाला काय झालं.

गोष्ट तिथे थांबली नाही. वर्षभरात तालुक्यातल्या गर्भार बायका दोऱ्याने मोठ्या मापाची बांगडी बांधून उपकेंद्रात यायला लागल्या आणि तांबडा मणी मागायला लागल्या. मी निमूट गोळ्या द्यायची. आणि एकदा पानशेतच्या बाजूच्या एका वाडीत, बांगड्या भरून घेता घेता एक म्हातारीच भाबींना गोष्ट सांगायला लागली. "आमच्या देवीची फार जुनी," म्हणाली. "माझ्या आजीच्या तोंडची." मी पलीकडे पोरांची वजनं घेत होते, माझा कान तिकडे.

"बांगडी नदीवर गेली," म्हातारी म्हणाली.

"आन् तितं थांबली," भाबींच्या तोंडून निघालं.

"तुमाला पुरती ठावं न्हाई, भाबी. नदीवर न्हाई थांबली. हितं आली. आमच्या वाडीत. चला, दावते."

आम्ही दोघी मागोमाग गेलो. वाडीच्या मागे एक काळा खडक, त्यावर खरोखरच गोल खूण, बांगडीच्या आकाराची, वर कुंकू. भाबींनी पदर डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला. अगदी मनापासून केला. मग गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बसल्यावर पेटीवर डोकं ठेवून इतक्या हसल्या, की कंडक्टरने पाणी आणून दिलं.

"म्या केली! माझ्या डोळ्यांदेखत माझ्या हातातनं गेली!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. मग हळूच थांबल्या. "का हो शिस्टर, कुणाला ठावं? म्या बी कुठंतरी ऐकलीच असंल. सासऱ्याच्या तोंडून. न्हाईतर येवडी कशी पटकन सुचली?"

यावर त्या काही ठाम झाल्या नाहीत. कधी म्हणायच्या मी केली, कधी म्हणायच्या मला आठवली.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे अगदीच बसले. एसटीची पायरी चढवेना. लेकीने हट्ट धरला आणि त्या फलटणला तिच्याकडे कायमच्या जायला निघाल्या. गावातून टेम्पो भरून बायका भोरच्या स्टँडवर आल्या होत्या. हौसाबाई होत्या, पूजा होती, कडेवर पोरगी. खणनारळाने भाबींची ओटी भरून झाली. गाडीला उशीर होता. रडारड सुरू होणार असं दिसताच भाबींनी बाकावर बैठक मारली आणि हसायला सुरुवात केली. आम्ही ओळखलं, राणीची गोष्ट.

सात राण्या. सहा थोरल्या मिळून धाकटीला लाकडी पेटाऱ्यात घालतात आणि पेटारा नदीत सोडून देतात. पेटारा भोवऱ्यात सापडतो, गरगर फिरतो, आत राणी, वर मगर. मगर शेपूट उगारते...

आणि फलटणची गाडी लागली. धांदल उडाली. कुणी पेटी चढवली, कुणी भाबींना. त्या खिडकीशी बसून पुढचं सांगतच होत्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ऱ्हायलेली गोष्ट आम्हाला सांगा," आणि घंटी मारली. गाडी मागे निघाली तशा बायका गाडीबरोबर चालायला लागल्या.

हौसाबाईंनी पत्र्यावर थाप मारली. "भाबी! आवं पर राणीचं काय झालं?"

भाबींनी खिडकीतून हात बाहेर काढला, तोंडाने काहीतरी बोलल्या, लांबलचक बोलल्या, हातवारे करून बोलल्या. इंजिनाच्या घरघरीत एक अक्षर ऐकू आलं नाही. गाडी वळून फाटकाबाहेर गेली.

परतताना टेम्पोत नुसता गोंधळ. एक म्हणे, मगरीने पेटारा काठाला ढकलला. दुसरी म्हणे, राजा पोहत आला. राजाला पोहता येत असेल का यावर दोन गट पडले. टेम्पोवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून सांगितलं, की राणीने पेटारा आतून फोडला, त्याने त्याच्या मावशीकडून ऐकलंय. त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं.

हौसाबाई तेवढ्या बोलल्या नव्हत्या. त्या नातीला मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत होत्या. घाट चढून गेल्यावर त्या म्हणाल्या, "भांडू नका. म्या गाडीच्या खिडकीला चिकटून हुते. भाबी शेवटाला हसत हुती. म्हंजी राणी सुटली."